साठ शब्दांत विमान

मला फक्त साठ शब्द लिहायचे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक हमखास विचारतात, "अहो, पण तुम्ही त्या विमानाच्या भानगडीत पडलातच कशाला?" मी पडलो नाही. मला ढकललं गेलं, आणि ढकलणाऱ्यांत माझी बायको सगळ्यांत पुढे होती.

आमच्या कॉलनीसमोर एक बाग आहे. बाग म्हणजे चार बाकं, एक घसरगुंडी आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी. फुलं नाहीत, त्यामुळे पाटीचं सगळे काटेकोर पालन करतात. एका सकाळी या बागेत क्रेन घुसली आणि दुपारच्या चहापर्यंत घसरगुंडीशेजारी एक विमान उभं राहिलं. खरंखुरं, स्वतःच्या चाकांवर. दोन इंजिनांचं, आठ माणसं बसतील एवढं, पोटाला जरा पोचा आलेलं. आमच्याच गावातल्या कारखान्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशी नऊ विमानं झाली, त्यांतलं हे शेवटचं. कारखाना केव्हाच बंद पडला. विमान तंत्रशाळेच्या आवारात उभं होतं आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी स्क्रू काढून परत लावण्याचा इतका सराव केला की शेवटी स्क्रूच गुळगुळीत झाले. मग तंत्रशाळेने ते उद्यान विभागाला देऊन टाकलं.

उद्यान विभागाने ठरवलं, विमानाशेजारी त्याचा इतिहास सांगणारी पाटी हवी. पाटी दोन फूट बाय तीन फूट, अक्षर दीड इंच, म्हणजे मजकूर साठ शब्द. एकसष्टावा शब्द आला की पाटी मोठी लागते, आणि मोठ्या पाटीला वरच्या मजल्यावरची सही लागते. वरच्या मजल्यावर सही करणारे साहेब नेमके कुठे बसतात हे खालच्या मजल्यावर कोणालाच माहीत नव्हतं.

"आमच्या घरात लेखक आहेत की!" कॉलनीच्या बैठकीत बायको म्हणाली. मी लेखक नाही. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लेखकांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल लेखकांच्याच शिव्या खायच्या, असं हे काम. सव्वीस वर्षं करतोय. गाड्यांचं वेळापत्रक माझ्या नजरेखालून जातं आणि त्यात आजवर एक आकडा चुकलेला नाही; गाड्या चुकतात, तो त्यांचा प्रश्न. पण हे समजावून सांगेपर्यंत टाळ्या वाजल्या होत्या.

घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. वय एकोणऐंशी, आवाज खणखणीत, आणि आमच्या घरात कुठला डबा कुठे आहे हे माझ्या बायकोपेक्षा त्यांना जास्त माहीत.

"बापू, पाटी तुम्ही लिहिणार म्हणे? लिहा. पण पायरीचं लिहा."

"कुठली पायरी, आई?"

"विमानाची हो! बसा. चहा नंतर."

त्यांनी त्या कारखान्यात चौदा वर्षं काम केलं होतं, एवढं मला माहीत होतं. काम कसलं, ते त्या दिवशी कळलं. तिथे ड्राफ्ट्समन जाड कागदावर शाईने ड्रॉइंग काढायचे. मग त्यावर पारदर्शक कापड पसरून ट्रेसर बायका ते रेघ न् रेघ, आकडा न् आकडा गिरवायच्या, आणि त्या कापडावरून प्रती निघून खाली कारखान्यात जायच्या. सासूबाई ट्रेसर. माझे सासरे ड्राफ्ट्समन, त्यातही दारांचे. सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली. अत्यंत अबोल माणूस. आमच्या लग्नाची बोलणी करायला आले होते तेव्हा दोन तासांत ते ‘पंखा जरा कमी करा’ एवढंच बोलले होते.

"आधी ते विमान सहा जणांचंच होतं," सासूबाई सांगायला लागल्या. "मग कोणीतरी म्हणालं, धंदेवाली माणसं एकटी कुठं जातात? बरोबर वकील असतो, हिशेबनीस असतो. झालं, आठ जणांचं. आठ झाले म्हणून लांबी वाढली. लांबी वाढली म्हणून वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून आधीची इंजिनं पुरेनात, मग टर्बाइनवर चालणारी आणली. त्यांची ताकद मोठी, म्हणून पुढचे फिरते पंखे मोठे. पंखे मोठे, ते जमिनीला घासू नयेत म्हणून चाकांचे पाय लांब. पाय लांब म्हणून दार उंच. आणि दार उंच म्हणून, बापू, पायरी!"

विमान असं एकातून एक वाढत जातं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराचं नूतनीकरण असंच झालं होतं. सुरुवात एका नळापासून झाली होती.

जिना दाराच्या आतल्या अंगालाच होता. दार खाली उघडलं की जिना तयार. कारखान्याचे मोठे साहेब चांगले सव्वासहा फूट उंच. त्यांनी ठरवलं, सगळ्यांत खालची पायरी जमिनीपासून एकोणीस इंचांवर. पण पहिलं विमान तयार झालं तेव्हा पायरी निघाली अकरा इंचांवर. म्हणजे जिना आठ इंच जास्त. तो घडी करून आत घ्यायचा तर जागा हवी, म्हणून खालच्या लोकांनी दाराजवळचं पाहुण्यांसाठीचं बाटल्यांचं कपाट निम्मं कापून टाकलं होतं. मोठ्या साहेबांनी ते निम्मं कपाट पाहिलं आणि सगळा ड्रॉइंग विभाग रांगेत उभा केला.

"ट्रेसिंगवर अकरा, आणि खाली सही माझी!" सासूबाई म्हणाल्या. "बावीस वर्षांची होते मी, घरात कमावणारी एकटी. म्हटलं, गेली नोकरी. साहेब म्हणाले, मूळ ड्रॉइंग आणा. ह्यांनी कपाटातून आणलं. तर त्यावरही अकराच! माझा जीव भांड्यात पडला. साहेब ओरडले, मी एकोणीस सांगितलं होतं! तर हे म्हणतात, ‘सांगितलं होतंत, पण मी अकरा केलं. विमानात माणसं चढणार आहेत, जिराफ नाहीत.’"

"बाबा असं म्हणाले?" मी विचारलं. कारण हे वाक्य म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या बोलण्याइतकं होतं.

"म्हणाले! पाच वर्षं बढती रोखली त्यांची. पण मोठ्या साहेबांसमोर असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्याआधी आमची साधी ओळखही नव्हती हो. दोन महिन्यांनी लग्न केलं."

पुढचं आणखी मजेशीर. एक सिमेंटवाला विमान बघायला आला, बरोबर म्हातारी आई. म्हातारी कोणाचा हात न धरता टकाटक वर चढून गेली आणि सीटवर बसून ‘चला’ म्हणाली. सिमेंटवाल्याने जागच्या जागी तीन विमानं मागितली. नवातली तीन! त्यानंतर माहितीपत्रकात ‘आमची सुलभ पायरी’ असं छापून आलं. वर फोटो मोठ्या साहेबांचा. पुढे धंदेवाल्यांना जेटची हौस लागली, पंखे दिसले की ते ‘जुनं आहे’ म्हणून नाकं मुरडायचे, आणि कारखाना मिटला.

"ह्यांचं नाव कुठं म्हणून कुठं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला. "केवढी दूरदृष्टी त्या माणसाची! आता पाटी होतेय. त्यांचं नाव घाला, बापू. माझे डोळे आहेत तोवर मला ते वाचायचंय."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. अशा वेळी तिच्या बघण्याचा अर्थ नवऱ्याला विचारावा लागत नाही. मी म्हटलं, घालतो. एका नावाचा प्रश्न. तीन शब्द. साठातले सत्तावन्न उरतात.

ते सत्तावन्न कसे गेले ते आता ऐका.

पहिला हल्ला पंखवाल्यांनी केला. मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त इंजिनिअर. त्या विमानाचे पंख त्यांनी केले होते. त्यांना पाटीचा सुगावा लागला आणि ते सकाळी सातला हातात फाइल घेऊन हजर. पंख आधी डोक्यावर होते, मग ते खाली आणले, मग पंखांची आडवी तुळई केबिनच्या जमिनीतून गेली आणि तिथे उंचवटा आला, त्या उंचवट्यावर कोण कोण अडखळलं, हे त्यांनी दीड तास सांगितलं. मग म्हणाले, "मी मजकूर आणलाय. चव्वेचाळीसच शब्द आहेत."

"पण साहेब, पायरीसाठी काही शब्द..."

"पायरी? पंख नसते तर ती पायरी म्हणजे स्टूल झालं असतं, स्टूल!"

त्यांना नऊ शब्दांवर आणता आणता माझा अर्धा दिवस गेला आणि आमचा कायमचा अबोला झाला. मग इंजिनवाल्यांचा फोन आला. ते दुसऱ्या गावी असतात. त्यांना म्हणे ऐकू कमी येतं, पण त्यांच्या इंजिनाचं नाव घेतलेलं बरोबर ऐकू येतं. त्यांना सात दिले.

दुसरा हल्ला उद्यान विभागातून आला. तिथे तीन नंबरच्या टेबलावर एक बाई बसतात. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर लाल पेन. माझ्याकडेही लाल पेन असतं, त्यामुळे समोरून ते आपल्यावर रोखलेलं कसं वाटतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"टर्बोप्रॉप चालणार नाही," माझा मजकूर वाचून बाई म्हणाल्या. "आपल्या भाषेतला शब्द द्या. ‘बिझनेस विमान’ही नाही."

इथे मी आमच्या शेजाऱ्यांचा सल्ला घेतला, ही चूक झाली. आम्ही त्यांना सल्लागार म्हणतो. ते नोकरीत कुठे होते हे कोणाला माहीत नाही, पण कुठल्याही कचेरीचं नाव काढा, ते म्हणतात, "तिथे माझं बसणं-उठणं होतं." सल्लागारांनी टर्बोप्रॉपला, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या इंजिनाला, ‘झोतपंखी’ आणि बिझनेसला ‘धंदेवाईक’ असे शब्द दिले. मी ते घेऊन गेलो.

"धंदेवाईक विमान?" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की चार टेबलांवरची कामं थांबली. "लहान मुलांच्या बागेत?"

मी घाईघाईने ‘उद्योगी विमान’ सुचवलं. बाईंनी विचारलं, ते खोड्या काढतं का? शेवटी ‘कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांचे विमान’ असं ठरलं. दोन शब्दांचे पाच झाले. रक्तदाबाच्या गोळीची वेळ टळली ती वेगळीच.

आणि मग तो अर्ज. विमान बागेत आलं तेव्हा त्याचे पुढचे दोन्ही प्रोपेलर गायब होते. तंत्रशाळेतच कुठेतरी हरवले होते. नाक छाटल्यासारखं दिसायचं बिचारं. कॉलनीने ठरवलं, पाटीबरोबर त्यांचीही मागणी करू. अर्ज अर्थात मी लिहायचा. मी ‘प्रोपेलर’ लिहिलं, तर सल्लागार म्हणाले, "अहो, फाइल परत येईल! परका शब्द बघितला की बाई खवळतात. सरळ पंखे लिहा." सासूबाईसुद्धा त्यांना पंखेच म्हणायच्या. मी लिहिलं: ‘बागेतील विमानास दोन पंखे बसवून मिळावेत.’ दोनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ, मात्रा, अनुस्वार, सगळं जिथल्या तिथे. मुद्रितशोधकाच्या हातचा अर्ज!

बारा दिवसांनी विद्युत विभागाचा वायरमन आला. शिडी घेऊन, आणि दोन खोकी. खोक्यांत छताचे पंखे. पांढरे, तीन पात्यांचे, रेग्युलेटरसह.

"छत कुठंय?" त्याने मला विचारलं.

मी त्याला समजावलं की हा गैरसमज आहे. त्याने कागद दाखवला. कागदावर माझी सही होती आणि माझंच वाक्य होतं, एकही चूक नसलेलं. "साहेब, मंजूर माल परत नेता येत नाही," तो म्हणाला. "नेला तर तो का नेला याची चौकशी लागते. बसवून टाकतो, तुम्ही सही करा." आणि त्या सज्जन माणसाने दोन इंजिनांच्या नाकांवर दोन छताचे पंखे घट्ट बसवून टाकले.

आता खरं सांगू का? लांबून ते वाईट दिसत नव्हते. वारा आला की फिरायचेसुद्धा. पण पंखवाले संध्याकाळी फिरायला आले, त्यांनी ते पाहिलं आणि ते बाकावरच बसले. त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून भाजीवालासुद्धा मला ‘पंखेवाले’ म्हणायला लागला. छापखान्यात माझ्या टेबलावर कोणीतरी चिठ्ठी ठेवली: ‘पंखा जरा कमी करा.’ घरातली गोष्ट तिथपर्यंत कोणी पोचवली याचा शोध मी घेतला नाही, कारण बायको माझ्या जेवणाचा डबा छापखान्यात स्वतः पोचवते आणि तिथे तिच्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त आहेत.

याचा परिणाम नको तिथे झाला. मी अंतिम मजकूर घेऊन तीन नंबरच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा बाईंनी शेवटची ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आधी पंखे, आता सासरे!"

"बाई, ही पायरी खरंच त्यांनी..."

"पुरावा?"

नियम असा की पाटीवर खाजगी व्यक्तीचं नाव घालायचं तर मूळ कागद दाखवायचा, विभागाच्या माणसासमोर पडताळणी करायची आणि नमुना फॉर्म भरायचा. नाहीतर नाव वगळून ‘कारखान्याच्या तज्ज्ञांनी’ असं लिहायचं. मी घरी येऊन हे सांगितलं. ऐकून सासूबाई आत निघून गेल्या. संध्याकाळी त्यांनी चहाही घेतला नाही. त्यांनी चहा नाकारलेला मी यापूर्वी एकदाच पाहिला होता, सासरे गेले त्या दिवशी. मला फार वाईट वाटलं. तोवर मी त्या पाटीकडे ब्याद म्हणून बघत होतो. त्या संध्याकाळी ठरवलं, काही झालं तरी ते ड्रॉइंग शोधायचं.

ते तंत्रशाळेच्या कोठारात निघालं. कारखान्याची सगळी जुनी कागदपत्रं तिथे पत्र्याच्या नळ्यांत भरून ठेवली होती. चार शनिवार मी आणि तिथले भांडारपाल नळ्या उघडत बसलो. एकेका नळीत शेपट्या, चाकं, खिडक्या. एका नळीत कोणाचा तरी जुना टॉवेल. चौथ्या शनिवारी दार मिळालं. खाली कोपऱ्यात सासऱ्यांची बारीक सही.

पडताळणीला बाई स्वतः आल्या. सासूबाई हट्टाने आल्या, गुडघ्याला पट्टा लावून. कोठारात मोठं टेबल होतं. भांडारपालांनी ड्रॉइंग पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. काय सुरेख रेघा होत्या! बाईंनीसुद्धा चष्मा नीट केला. खाली पायरी होती, आणि पायरीपासून जमिनीपर्यंत बाण, आणि बाणाच्या पोटात आकडा: ११.

"अकरा," बाई म्हणाल्या. "बरोबर."

मी फॉर्म भरायला घेतला. कागदाचा प्रकार. क्रमांक. सही कोणाची. पाचवा रकाना होता: ‘कागदावर खाडाखोड आहे / नाही’. सवयीने मी वाकून आकड्याकडे पाहिलं. आणि सव्वीस वर्षं हेच काम केलेल्या माझ्या नजरेला ते लगेच दिसलं.

पहिला एक नीट होता. दुसऱ्या एकाशेजारी कागद खरवडलेला होता. ब्लेडने, फार हलक्या हाताने. आमच्या धंद्यात एक आणि नऊ हे आकडे रोज एकमेकांची जागा घेतात; नवाचा जादा वळसा काढला की एक उरतो. तिथे आधी एकोणीस होतं. मोठ्या साहेबांचं एकोणीस, सासऱ्यांनी निमूटपणे जसंच्या तसं काढलेलं. म्हणजे अकरा झालं ते गिरवताना. बावीस वर्षांच्या ट्रेसर मुलीने नवाचा एक वाचला. आणि मूळ ड्रॉइंग आणायला कपाटापाशी गेलेल्या माणसाने तिथल्या तिथे ब्लेड काढून आपला नऊ खरवडला होता.

मी मान वर केली. सासूबाईंचा अंगठा त्या आकड्यावर होता. चौदा वर्षं कागदावर हात फिरवलेली बाई ती. खरवडलेली जागा तिला डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. अंगठा तिथेच थांबला होता.

"खाडाखोड?" बाईंनी विचारलं.

माझ्या हातात पेन होतं. बाई कडक होत्या, पण लबाड नव्हत्या. आणि मी स्वतः आजवर एक साधा अनुस्वार जाऊ दिलेला नाही. मग मी ‘आहे’वर काट मारली आणि खाली सही केली. बाईंनी अंगठ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होत्या.

सासूबाई बस स्टॉपच्या बाकावर टेकल्या. मग एकदम म्हणाल्या, "खोटी सही केलीत तुम्ही, बापू."

"मला काही दिसलं नाही, आई."

"तुम्हाला रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं अनुस्वाराचं टिंब दिसतं! मला शिकवू नका." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या चांगल्याच चिडल्याही होत्या. "लबाड! एवढा लबाड माणूस! ड्रॉइंग आणायला दहा मिनिटं लावली, मला वाटलं किल्ली सापडत नसेल. पाच वर्षं बढती गेली. माझी चूक, आणि शिक्षा ह्यांना. आणि मी? पन्नास वर्षं ह्याला-त्याला सांगत फिरले, आमच्या ह्यांची पायरी, आमच्या ह्यांचं धाडस. समोर बसून चहा पीत ऐकायचे हो! एकदा तरी म्हणायचं, अगं बाई, तो नऊ होता म्हणून!"

"सांगितलं असतं तर तुम्ही..."

"तर मी त्यांना धरून धरून विचारलं असतं, का केलंत म्हणून. तेच नको असेल सांगायला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आमची साधी ओळख नव्हती हो, बापू. एक शब्द बोललो नव्हतो आम्ही."

मी हळूच विचारलं, "मग पाटीवर काय घालू? अजून पेंटरकडे गेली नाही."

"बघते," त्या म्हणाल्या. आणि पुढचे आठ दिवस त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बायकोलाही सांगितलं नाही. मी मजकूर होता तसाच दिला.

रविवारी सकाळी उद्घाटन झालं. विभागाचे साहेब आले, सल्लागार त्यांच्या शेजारी उभे राहिले, पंखवाले पंख्यांकडे पाठ करून उभे राहिले. तीन नंबरच्या बाई मागे उभ्या होत्या. पाटीवरचं कापड काढलं. पेंटरने अक्षर झकास काढलं होतं आणि साठच्या साठ शब्द शुद्ध होते. मी आदल्या दिवशी शिडीवर चढून तपासले होते. सल्लागारांनी मोठ्याने वाचायला घेतलं. आठ आसनं, दोन इंजिनं, पंख, नऊ विमानं. आणि शेवटी, कोणालाही सहज चढता येणारी अकरा इंचांची पायरी ही ड्राफ्ट्समन अमुक अमुक यांची दूरदृष्टी. सासऱ्यांचं नाव त्यांनी चांगलं ठासून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको रडायला लागली.

सासूबाई पुढे गेल्या. त्यांनी कोणाचा हात धरला नाही. विमानाच्या त्या पायरीवर पाय ठेवला, सहज वर चढल्या, आणि तिथे उभं राहून पाटी पुन्हा एकदा स्वतःची स्वतः वाचली. शेवटच्या शब्दाशी आल्या आणि खुदकन हसल्या. मग हसू आवरेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मी धावत पायरीपाशी गेलो.

"दूरदृष्टी कसली डोंबलाची!" त्या मला म्हणाल्या. "त्यांच्या समोरचं टेबल माझं होतं, बापू. त्यापलीकडे त्या माणसानं कधी बघितलंच नाही!"